एका गाण्याच्या ६१ समा

परवा रात्री पावणेदोनला एक गाणं पूर्ण झालं. पूर्ण म्हणजे आता त्यात काही करायचं राहिलं नाही असं मला मनापासून वाटलं आणि मी कॉम्प्युटर बंद करून गच्चीवर जाऊन बसलो. पाच मिनिटं बावीस सेकंदांचं गाणं आहे आणि त्याला मला अकरा महिने लागले. ते अकरा महिने कशात गेले ते लिहून ठेवावं असं वाटतंय, कारण मी सुरुवात केली तेव्हा मराठीत असं काही वाचायला मिळालं असतं तर लई बरं झालं असतं.

मी इचलकरंजीत राहतो, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. यंत्रमागाच्या मोटरी जळतात, त्या माझ्याकडे येतात, जुनी तार काढायची, नवीन कॉइल भरायची, वार्निश मारायचं, मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून बघायचं आणि परत पाठवायची. गाणं मी कुणाकडे शिकलो नाही. आमच्या गल्लीत विठ्ठलाचं देऊळ आहे, तिथल्या भजनी मंडळात लहानपणी टाळ धरून बसायचो आणि पेटीवाल्याची बोटं बघायचो. बघून बघून घरी येऊन पाटावर बोटं फिरवायचो, पुढे दहावीनंतर जुनी पेटी घेतली तेव्हा बोटांना वाट आधीच माहिती होती. तसं बघितलं तर ह्या गावाला गाण्याचा मोठा वारसा आहे, ग्वाल्हेरची ख्याल गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इथल्याच जहागिरीत गवई होते, म्हणून तर ते इचलकरंजीकर, आणि विष्णू दिगंबर पलुसकर मिरजेत त्यांच्याकडेच शिकले. पण आमच्यासारख्यांपर्यंत आलं ते भजन, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, कारण मला जे काही सुचतं ते अभंगाच्या मापातच सुचतं.

हे गाणं वडिलांवर आहे. वडील तीस वर्षं मागावर होते. त्यातली सुरुवात अशी आहे,

दोन पाळ्यांमधी । निजला ना गाव
धोट्याची ती धाव । थांबेचिना

बाप माझा जागा । तुटे सूत जिथे
गाठ मारी तिथे । अंधारात

धोटा म्हणजे मागात इकडून तिकडं धावत आडवं सूत टाकतो तो. शब्द आणि चाल एका आठवड्यात झाली. बाकीचे महिने रेकॉर्डिंगचे.

वरच्या मजल्यावर दहा बाय अकराची खोली आहे, तीच माझी सगळी जागा. कॉम्प्युटर २०१२ सालचा डेस्कटॉप आहे, त्यात रॅम वाढवून आठ जीबी केली आणि एसएसडी बसवली, तेवढ्यावर व्यवस्थित चालतो, हे मुद्दाम सांगतो कारण पोरं मला विचारतात की दादा नवीन लॅपटॉप घेऊ का. नका घेऊ. सेकंडहँड ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा, मिळाला साडेचार हजाराला, दोन माइक लागतील असा, आणि एक कंडेन्सर माइक, एक साधा डायनॅमिक. सुरुवातीला ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरायचो, ते फुकट आहे आणि शिकायला अजूनही त्याच्यासारखं दुसरं नाही. मग रीपर ह्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर आलो. रीपर ज्यानं बनवलं तो जस्टिन फ्रँकेल, त्यानंच आधी गाणी वाजवायचं विनॅम्प बनवलं होतं, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण कॉलेजात असताना सायबर कॅफेत विनॅम्पवरच आम्ही दिवस काढलेत. रीपर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं आणि घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरचं आहे. मी दोन दिवाळ्या पैसे साठवून घेतलं. माझ्या दुकानात मी कुणाला फुकट मोटर बांधून देत नाही, मग दुसऱ्याची मेहनत मी फुकट का वापरावी.

पहिला मोठा त्रास आवाजाचा झाला, आणि तो मागांचा नव्हता. माइक लावला की हेडफोनमध्ये गुंईं असा एक स्वर सतत यायचा. गाणं बंद, पंखा बंद, तरी तो चालूच. मला वाटलं इंटरफेस खराब आला, विकणाऱ्याशी थोडं बोलणं पण झालं. मग एकदा सहज पेटीवर तो स्वर शोधायला बसलो, तर पांढरी पाचच्या, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या, जरा वर लागला. आणि तिथं मला उजेड पडला. पांढरी पाच खालच्या सप्तकात ९८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ९८ कंपनं, त्याच्या खाली अजून एक सप्तक गेलं की ४९. आपली वीज ५० हर्ट्झची. म्हणजे पांढरी पाचच्या थोडी वर, आणि तिची दुप्पट १०० हर्ट्झ, ती पण तिथंच. आयुष्यभर ज्या विजेवर मी पोट भरतोय ती कुठल्या सुरात गुणगुणते ते मला त्या दिवशी कळलं. मग काय, गाणारा माणूस बाजूला झाला आणि वायरमन उठला. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला टेस्टर लावला तर पेटला. मीटर लावला, कॅबिनेट आणि जमीन ह्यांच्यात शंभराच्या वर व्होल्ट. अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत आली होती आणि तिथून पुढं काहीच नव्हतं, घर बांधताना कुणीतरी तशीच सोडून दिलेली. लोकांच्या मोटरींना अर्थिंग करा म्हणून मी पंधरा वर्षं सांगतोय आणि माझ्याच घरात ही गोष्ट मला माहीत नव्हती, ह्याचं फार वाईट वाटलं, कारण त्या बोर्डाला माझी पोरं हात लावतात. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून परड्यात खड्डा मारला, जीआय पाइप, थरावर थर कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला फनेल. वायर वरपर्यंत नेली. रात्री माइक चालू केला आणि कानात नुसती शांतता. मी हिला बोलावून हेडफोन लावून ती शांतता ऐकवली.

तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये असा घुमणारा आवाज असेल तर आधी माइक बदलू नका, आधी अर्थिंग बघा. आणि ते येत नसेल तर वायरमनला बोलवा, स्वतः हात घालू नका.

मागांचं मात्र काही करता येत नाही. समोरच्या शेडमध्ये चोवीस माग आहेत, दोन पाळ्यांत चालतात, तो आवाज हवेतून कमी आणि जमिनीतून जास्त येतो. माइकच्या स्टँडखाली जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं, तरी खटखट राहतेच. म्हणून खरं रेकॉर्डिंग मागाच्या सुट्टीदिवशी. खोली घुमते म्हणून आजीच्या हातच्या दोन वाकळा दोरीवर टाकल्या, तिसरी पाठीमागे भिंतीला. वाकळ फार चांगलं काम करते, जुन्या लुगड्यांचे पाच सहा थर, आवाजाची धार बरोबर पिते. पण खालचा घुमार ती पीत नाही आणि का पीत नाही तेही बघून घेतलं, १०० हर्ट्झची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, ती थोपवायला पाऊण मीटरच्या वर जाडीचं काहीतरी पाहिजे, इंचभर कापडाला ती मोजतच नाही. त्यामुळे पेटीचा खर्ज माझ्या खोलीत थोडा घुमतोच. तो मी ठेवलाय.

दोघा तिघांनी सांगितलं, अरे मागाचाच आवाज गाण्यात घे की, तुझं गाणंच मागावर आहे, तोच ताल होईल. मलाही ते पटलं होतं. दोन आठवडे त्यात घातले. एका कारखानदाराला विचारून शेडमध्ये जाऊन आवाज घेतला, त्यातला एक माग मोजला तर मिनिटाला १३० च्या आसपास ठोके, म्हणलं छान, ह्यावर बसवू. नाही बसलं. मोटर १४४० आरपीएमची म्हणून पाटीवर लिहिलेलं असतं पण भार कमीजास्त झाला की तिचा वेग थोडा बदलतो, पट्टा घसरतो, प्रत्येक मागाचं आपलं आपलं, म्हणून चोवीस माग कधीच एकत्र पडत नाहीत. आणि मुख्य म्हणजे मागाला सम, म्हणजे ताल फिरून जिथं परत येतो ती पहिली मात्रा, नसते. पहिला ठोका आणि पाचवा ठोका त्याला सारखाच. ज्या आवाजात बापानं तीस वर्षं काढली त्यावर मी नाचायचा ताल धरतोय हेही मनाला बरं वाटेना. शेवटी ते सगळं काढून टाकलं. गाण्यात मागाचा आवाज कुठेही नाही.

पेटीचा एक किस्सा सांगतो, कारण ह्यात माझे तीन रविवार गेले. माझी पेटी जुनी आहे, गुजरातमधल्या पालिताण्याच्या रीड्स आहेत, डबल लाइन, म्हणजे एका पट्टीला दोन रीड्स, खर्ज आणि नर. तिच्यावर काळी चारला सा धरून गायलो. मग मागे तानपुरा पाहिजे म्हणून कॉम्प्युटरमधला तानपुरा लावला, काळी चारच. आणि दोन्ही एकत्र लावले की पोटात कालवल्यासारखं व्हायचं. आवाज वाईट नाही, पण आतून काहीतरी हलतंय. ट्यूनर लावला तेव्हा कळलं, कॉम्प्युटरची काळी चार ४१५ हर्ट्झ आणि माझ्या पेटीची ४२०. पाच हर्ट्झचा फरक, म्हणजे सेकंदाला पाच वेळा आवाज फुगतो आणि बसतो, तेच ते हलणं. पेटी ट्यून करायला दिली तर रीड घासावी लागणार आणि मला ती घासायची नव्हती, त्या पेटीचा आवाज मला तसाच पाहिजे. मग उलटं केलं, कॉम्प्युटरमधलं सगळं २० सेंट वर चढवलं, सेंट हे सुरांमधल्या अंतराचं बारीक माप. मशीननं पेटीच्या मागं यायचं. तेव्हा हा फक्त सुराचा तोडगा वाटला होता, लयीच्या बाबतीतही हेच करायला लागणार आहे हे पुढं कळलं.

पेटीला माइक कुठं लावायचा तेही सांगून टाकतो. पट्ट्यांच्या समोर लावला तर पट्ट्यांची टकटक आणि भात्याचा श्वास सुरापेक्षा मोठा येतो. वाजवणाऱ्याच्या उजव्या खांद्याच्या वर, दोन फुटांवरून खाली बघणारा, असा लावा. आणि आवाजाची पातळी फार वर ठेवू नका, सर्वात मोठा आवाज उणे १२ डीबीच्या पुढं जाऊ देऊ नका, २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, घाबरायचं कारण नाही. आवाज फुटला की मात्र तो कशानेही जोडता येत नाही. आवाजाचा चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर काय असतो हे मला चार महिने कळलं नव्हतं, सगळे व्हिडिओ बघून झाले, मग एक दिवस दुकानात स्टॅबिलायझर खोलून बसलो असताना डोक्यात आलं की अरे हेच की ते. व्होल्टेज ठराविक रेषेच्या वर गेलं की खाली ओढायचं, किती ओढायचं ते वेगळं, किती पटकन ओढायचं ते वेगळं आणि परत कधी सोडायचं ते वेगळं. लगेच ओढलं तर बल्ब फडफडतो, उशिरा ओढलं तर बल्ब जातो. त्या दिवसापासून मला कॉम्प्रेसर लावता येतो.

आता लयीचं.

घरी एकटा माणूस गाणं करतो तेव्हा एकेक वाद्य वेगवेगळं वाजवून एकावर एक ठेवतो. ते सगळं एकत्र बसावं म्हणून कॉम्प्युटर टिकटिक देतो, क्लिक म्हणतात. सगळीकडे हेच सांगतात, आधी क्लिक लावा. मी लावली, मिनिटाला ९० वर. त्यावर पेटी वाजवली, त्यावर गायलो, टाळ घेतले, कॉम्प्युटरमधला पखवाज बसवला. आधी एक अडचण होती की मी गायलेलं मलाच उशिरा ऐकू यायचं, बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा साठवून पुढं सोडतो तो, १०२४ वर होता, म्हणजे आत जातानाच २३ मिलिसेकंद, आणि बाहेर येताना तेवढेच परत. एवढा सगळा वेळ आवाजाला सोळा मीटर जायला लागतो, म्हणजे मी देवळाच्या एका टोकाला आणि माझा आवाज दुसऱ्या टोकाला असं चाललं होतं. बफर १२८ वर आणला, ते मिटलं. सगळं काटेकोर बसलं. एक ठोका इकडचा तिकडं नाही. आणि गाणं ऐकलं की काहीच व्हायचं नाही. मी शब्दांना दोष दिला, माझ्या गळ्याला दिला, माइकला दिला. चार वेळा परत गायलो.

अण्णा आमच्या मंडळाचे पखवाजवाले. नात्यानं कुणी नाहीत, पण मला टाळ धरायला त्यांनीच शिकवलं. सत्तरी ओलांडली, सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यातून, रिटायर्ड. एका संध्याकाळी त्यांना वर बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "परत लाव." परत लावलं. दुसऱ्यांदा झाल्यावर म्हणाले,

"गातोयस ब्येस. पण तू टाळाची वाट बघायलाईस रं."

मला कळेना. म्हणलं, "अण्णा, तालातच आहे की सगळं."

"तालात हाय. पण गानाऱ्यानं टाळाची वाट बघायची नसती, टाळानं गानाऱ्याची बघायची. आनि सुरवातीला जेवढ्यात हाय तेवढ्यातच शेवट. भजन बसल्या जागी ऱ्हातंय व्हय?"

बसल्या जागी राहतंय का. मी वीस वर्षं मंडळात बसतोय, भजन चढतं हे मला माहीत नाही असं थोडंच आहे. सुरुवातीला सावकाश धरायचं, कडव्यागणिक थोडं थोडं पुढं, आणि शेवटी गजरात माणूस उभा राहतो. ते अंगात आहे. पण कॉम्प्युटरपुढं बसलो की जे व्हिडिओत सांगितलं तेच खरं असं धरून चाललो होतो आणि अंगातलं खाली देवळात ठेवून वर यायचो. अण्णा गेल्यावर मंडळाचं मोबाइलवर घेतलेलं एक जुनं भजन काढून मोजलं, सुरुवात ७६, शेवट १२० च्या पुढं. आणि मी ९० च्या खुंटीला गाणं बांधून ठेवलं होतं.

आधी वाटलं लय हातानं चढवू, रीपरमध्ये तशी रेघ काढता येते, इथून ८०, तिथं १००, मधे आपोआप चढत जातं. करून बघितलं. ते जिन्यासारखं वाटायचं, बरोबर पण कुणी नसल्यासारखं. मग सगळंच पुसलं, चार महिन्यांचं काम, आणि अण्णांना म्हणलं तुम्ही आधी वाजवा, क्लिक नाही काही नाही, मी गातो, बाकी सगळं तुमच्यावर बसवतो.

तो दिवस मी कधी विसरणार नाही. मागाची सुट्टी होती. अण्णा सकाळी आठला पखवाज घेऊन आले, गवसणी काढली, आणि आईनं कणीक मळून दिली. धुमेला, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या बाजूला, कणीक लावायची तर ती पोळीच्या कणकेपेक्षा थोडी सैल लागते, अण्णांनी दोन थेंब पाणी घालून परत मळून घेतली, अंगठ्यानं मधोमध थापली, एक थाप मारून ऐकलं, चिमूटभर काढली, परत थाप, परत काढली. असं चार वेळा झालं. शाईच्या, म्हणजे उजव्या बाजूला, गठ्ठे, म्हणजे वादीखालचे लाकडी ठोकळे, ठोकून माझ्या पेटीच्या काळी चारला आणलं, ट्यूनर न बघता, आणि मी गुपचूप ट्यूनर बघितला तर ४२० वर. पंखा बंद ठेवला कारण वाऱ्यानं कणीक वाळते आणि धूम चढते. कंडेन्सर माइक पखवाजापासून तीन फुटांवर, मधोमध. मी बाहेर जिन्यात डायनॅमिक माइक घेऊन बसलो, दार थोडं उघडं, म्हणजे माझा आवाज पखवाजाच्या माइकात फार जाऊ नये आणि अण्णांना मी दिसावा. हेडफोन त्यांनी एकाच कानाला लावला, दुसरा मोकळा पाहिजे म्हणाले. माझं गाणं फक्त त्यांना धरायला होतं, रफ, नंतर परत गायचं होतं.

तीन वेळा वाजवलं. तिसरा टेक ठेवला.

मग माझं खरं काम सुरू झालं. भजनी ठेका आठ मात्रांचा, दर आठ मात्रांनी सम. मी त्या रेकॉर्डिंगमध्ये एकेक सम शोधून तिथं खूण करत गेलो, म्हणजे कॉम्प्युटरला कळावं की ह्या गाण्यात काळ असा चालतो. ६१ समा निघाल्या. एकेका समेला स्क्रीनवर धुमेच्या आवाजाची लाट मोठी करून करून, अगदी चामडं हलायला सुरुवात होते तो क्षण शोधायचा आणि खूण मारायची. आठ रात्री गेल्या. पण त्या आठ रात्रींत मी जे शिकलो ते आख्ख्या वर्षात शिकलो नव्हतो. सुरुवात ८० वर आहे, शेवट १०४ वर, पण मधे ती सरळ चढत नाही. प्रत्येक कडवं संपून ध्रुपदावर, म्हणजे पालुपदावर, परत येताना लय एक दीडनं खाली येते, जणू उंबऱ्यात पाय ठेवताना माणूस हळू होतो तशी, आणि ध्रुपदाची दुसरी ओळ लागली की पहिल्यापेक्षा पुढं निघते. प्रत्येक वेळी. अण्णांना विचारलं तर म्हणाले मला काय म्हाईत, हात जातोय तसा जातोय. आता ह्या सगळ्या खुणांवर क्लिक लावली तर क्लिकच अण्णांसारखी चालते, तिच्यावर पेटी वाजवली, टाळ घेतले, सगळं बसलं, आणि पहिल्यांदा ते गाणं मला माझ्या खोलीतलं न वाटता देवळातलं वाटलं.

एक जागा मात्र खटकत होती. तेहेचाळिसावी सम, ३ मिनिटं ५२ सेकंदाला. तिथं कडवं संपत नाही, ध्रुपदही नाही, कडव्याच्या मधेच, आणि लय ९४ वरून एकदम ८९ वर येते, फक्त एका आवर्तनापुरती, म्हणजे आठ मात्रांपुरती, आणि पुढच्या समेला परत जागेवर. पाव सेकंदाच्या थोडा वर फरक. ऐकणाऱ्याला कळेल न कळेल, पण मला माहीत होतं. वाटलं अण्णांचा हात थकला असेल, वय आहे. ते एवढंसं आवर्तन ओढून सरळ करणं दोन मिनिटांचं काम होतं. करायला घेतलं होतं, पण त्यांना न विचारता त्यांच्या वाजवण्याला हात लावायचा हे बरं वाटेना म्हणून तसंच ठेवून बाकीचं पुढं नेलं.

मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत बसवणं, वडिलांसाठी केलं. मागावरच्या माणसांचे कान जातात, आणि जातात ते आधी वरचे, ४,००० हर्ट्झच्या आसपासचे. वडिलांना टाळ जवळजवळ ऐकू येत नाहीत, पखवाज ऐकू येतो, आणि शब्दातले त, स, च हरवतात. कर्णकर्कश न करता शब्द पोचवायचे म्हणून मी त्या जागेवर पेटी आणि टाळ थोडे मागे घेतले आणि गळा मोकळा ठेवला. त्यांना स्पीकरवर ऐकवलं, हेडफोन त्यांना चालत नाही. "गाठ मारी तिथे" ही ओळ त्यांना पूर्ण कळली, आणि त्यांनी मला थांबवून सांगितलं की तुटलेल्या सुताची गाठ काही फक्त अंधारात मारत नाहीत, लाइट गेली तरी बोटाला सूत कळतं, म्हणून अंधारातसुद्धा असं म्हण. मापात बसत नाही म्हणून ओळ बदलली नाही, पण गाताना "अंधारात" वर जो हेल दिलाय तो त्यांच्या सांगण्यावरून दिलाय.

गेल्या आठवड्यात अण्णांना परत बोलावलं, झालेलं गाणं ऐकवायला. ह्या वेळी त्यांना स्क्रीनसमोर बसवलं आणि त्यांच्या पखवाजाची लाट दाखवली, हे बघा ही तुमची धूम, ही शाई. ते चष्मा लावून बराच वेळ बघत होते. मग मी ती तेहेचाळिसावी सम दाखवली आणि जरा बिचकतच म्हणलं, अण्णा, इथं थोडी बसलीय, सरळ करू का?

त्यांनी तेवढाच तुकडा दोनदा लावायला सांगितला. नुसता पखवाज. मग म्हणाले,

"इथं तुझा दम संपला हुता. जिन्यात बसून गात हुतास न्हवं, श्वास घ्यायला थांबलास. म्हणून मी पन थांबलो."

रफ गाणं मी केव्हाच बंद करून ठेवलं होतं, नंतरचं चांगलं गायलेलं वापरत होतो. ते परत चालू केलं. ३ मिनिटं ५१ सेकंद, "बाप माझा जागा" दुसऱ्यांदा येतं त्याच्या आधी, स्पष्ट, मोठा श्वास. सबंध गाण्यात तेवढा एकच.

ती सम तशीच ठेवली. नंतर गायलेल्या टेकमध्ये मी तिथं न थांबता गेलो होतो, म्हणून ती ओळ परवा रात्री परत गायलो, आणि त्या जागी श्वास घेतला.